बोजा निरंक

तीस वर्षं शोधायची असतात.
दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, पंख्याखाली
जिथं पंखा फिरतो पण वारा दुसऱ्याच कुणाला लागतो,
मी इंडेक्स दोनची बाडं उलटली,
ब्याऐंशी ते दोन हजार बारा.
मधली सहा पानं कसरीनं खाल्लेली.
त्यासाठी आमच्याकडं तयार वाक्य असतं:
‘उपलब्ध अभिलेखानुसार’.
ही माझी छत्री. सोलापूरच्या उन्हातही मी ती उघडतो.

निलमनगरच्या पाठीमागचा प्लॉट, गुंठ्याला थोडा कमी.
हत्तुरेनं हनमशेट्टीला विकला, खरेदीखत नोंदलेलं,
मालमत्ता पत्रकावर नाव ठसठशीत.
हनमशेट्टीनं तो बँकेला गहाण दिला, नऊ लाखांना,
टॉवेलचे चार माग घ्यायचे म्हणून.
मी लिहिलं: मिळकत निर्वेध, निजोखमी.
बोजा निरंक.
फी बाराशे, दहा टक्के कापून एक हजार ऐंशी.

माग आले नाहीत.
हप्तेही.

बँकेचा माणूस कुलूप घेऊन गेला
तेव्हा आतून एक बाई बाहेर आली,
मांडीवरची तंबाखू झटकत.
नरसव्वा दुस्सा. चौदा वर्षं तिथंच.
टॉवेलात गुंडाळून तिनं कागद आणला,
वीस रुपयांचा स्टॅम्प, अठ्ठ्याण्णव सालचा,
साठेखत: सगळी रक्कम पोचली, ताबा दिला, हत्तुरेची सही,
दोन साक्षीदार, दोघंही वारलेले.
नोंदणी?
“हत्तुरे म्हणाला, करू की ओ सावकाश,
जागा कुठं पळून चाललीय?”

कायद्याला सद्भावी माणूस आवडतो.
ज्यानं दाम मोजला,
जो सचोटीनं वागला,
आणि ज्याला आधीचं काही ठाऊक नव्हतं,
त्याचा कागद टिकावा असं कायदा म्हणतो.
खोटं नाही ते. नाहीतर उद्या कोण कुणाला कर्ज देईल?
मीही घर घेतलंय, जुळे सोलापुरात,
दुसऱ्या वकिलाच्या अहवालावर डोळे मिटून.
बँकेनं दाम मोजला होता.
सचोटीचा ठराव इतिवृत्तात आहे, सूचक-अनुमोदकासह.
उरलं ठाऊक नसणं.
ते सिद्ध करायला मला पिंजऱ्यात उभं केलं.

मी सांगितलं, बाडांत ती नव्हती.
खरंच नव्हती.
विडी कारखान्याच्या पासबुकात होती,
पाण्याच्या पावतीत होती,
रेशन दुकानाच्या वहीत, पोलिओच्या खडूच्या खुणेत होती,
पण तिथं शोध घ्यायची फी नसते.

तिच्या वकील, तस्नीम बागवान, वयानं माझ्या मुलीएवढ्या,
बँकेचीच फाईल उघडून म्हणाल्या, पान चौदा.
मूल्यांकन अहवाल. मिळकतीचा फोटो.
मला आठवलं. मी तिथं होतो त्या दिवशी,
मूल्यांकनकाराच्या स्कूटरवर मागं बसून गेलो होतो.
तो म्हणाला होता, “मावशी, जरा बाजूला सरा,
घर येऊ द्या फोटोत.”
घरकुलाची योजना असेल असं वाटलं तिला.
ती सरली, सूप मांडीवर तसंच धरून,
पण दार अरुंद, आणि अंगण त्याहून.

फोटोत पत्रा आहे, कडुनिंब आहे,
दाराला आंब्याची वाळली डहाळी,
आणि डाव्या कडेला, चौकटीत,
एक कोपर,
आणि सुपाचा काठ, तेंदूची पानं कापलेली.

“हे काय आहे?”
हात.
“कुणाचा?”
मी म्हणालो, उपलब्ध अभिलेखानुसार...
न्यायाधीशांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

मागच्या बाकावर नरसव्वा
पदर ओढून कोपर झाकून घेत होती,
फोटोत आल्याची चूक
तिचीच असल्यासारखी.